सोनबांनी ओढलेली रेघ

मी इतकं बेमालूम खोटं बोलू शकते, हे मला मागच्या दसऱ्यापर्यंत माहीत नव्हतं.

घरात बारावी शिकलेली मी एकटी, म्हणून रिपोर्ट माझ्या हातात आला. माझे सासरे सोनबा, त्यांना मी मामा म्हणायची आणि बाकी घर आबा, त्यांच्या डाव्या गालात आतून फोड आला होता. चाळीस वर्षं जिथं तंबाखूची गोळी धरली तिथंच. पुण्याच्या दवाखान्यात तुकडा काढून तपासला, तर कॅन्सर. गळ्यातल्या गाठींपर्यंत गेलाय, ऑपरेशन होणार नाही, शेक, म्हणजे रेडिएशन, देऊन बघू, असं डॉक्टर म्हणाले. माझा नवरा भरत दाराआडच मला म्हणाला की आबाला नाव सांगायचं नाही, हाय खाऊन मरेल तो. बाहेर मामा बाकड्यावर बसले होते, फेटा मांडीवर घेऊन. मी जाऊन सांगितलं, मामा, उष्णतेची गाठ आहे, शेकानं बसेल. ते माझ्याकडं जरा वेळ बघत राहिले आणि "हो" म्हणाले.

आम्ही अवसरी बुद्रुकच्या शिवारातले धनगर. मामांचा बाप मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा. मामांच्या काळात विहीर झाली, कांदा-बटाटा निघायला लागला, तरी तीस मेंढरं त्यांनी सोडली नाहीत. मेंढरू नुसतं चालताना बघून त्याला काय झालंय ते सांगायचे. गावातले लोक जनावराच्या डॉक्टरला फोन करण्याआधी मामांना हाक मारायचे. अशा माणसाला आम्ही उष्णतेची गाठ सांगितली! आमची अक्कल कुठं शेण खायला गेली होती, देव जाणे. भरतला मी आजही हे तोंडावर म्हणते.

आणि आमची आरोही, चार वर्षांची. उठली की आज्याच्या खांद्यावर. पहिला घास त्यांच्या ताटातला, तोही त्यांच्या हातानं. मी भरवायला गेले तर तोंड मिटून घ्यायची.

शेक सुरू झाले. तिसऱ्या आठवड्यात मामांचं तोंड आतून सोललं. लाळ घट्ट झाली, तिच्या तारा हनुवटीवरून लोंबायच्या. नर्सनं बजावलं की यांची भांडी वेगळी ठेवा, उकळत्या पाण्यातून काढा, आता यांना कुणाचेही जंतू लगेच लागतील. मी मंचरहून नवं ताट, वाटी, पेला आणला. का आणला ते मामांना सांगितलं नाही. एक सांगायला गेले असते तर पुढचंही विचारलं असतं त्यांनी. सासूबाई, म्हाळसाबाई, त्या ताटाला पोरीचा हात लागू द्यायच्या नाहीत. पाहुणे यायचे ते ओट्याच्या कडेला टेकायचे आणि आत जाऊन कुजबुजायचे. माझी चुलतसासू गोजरबाई तर मामांच्या देखत म्हणाली की लेकराला जरा लांब ठेवा गं. तिलाही कुणी गप्प केलं नाही.

शेक संपले त्याच आठवड्यात मामांनी अंथरूण उचललं आणि कांदा ठेवायच्या रिकाम्या बराखीत नेलं. मेंढरांकडंही फिरकेनात, भरतलाच चारा टाकायला लावला. ते बघून तरी मला काहीतरी कळायला हवं होतं.

आरोही सवयीनं पळत बराखीकडं गेली, तर मामांनी काठी आडवी धरली. तिच्या जन्मात पहिल्यांदा तिच्यावर ओरडले. मग काठीच्या टोकानं मातीत रेघ ओढली.

"ह्या रेघंच्या आत यायचं न्हाई. आलीस तर आबा मरंल."

पोर रडत परत आली. त्या दिवसापासून जेवण रेघेवर ठेवायचं, आम्ही मागं सरलो की मामा उचलायचे. पुढं पुढं ताट तसंच राहायला लागलं. झोप नाही, बोलणं नाही, दिवसभर बराखीच्या कुडाकडं तोंड करून बसायचे. भरत म्हणे, हेका आहे म्हाताऱ्याचा. सासूबाईंना वाटे, आपलंच काहीतरी चुकलं. गोजरबाईनं देवऋष्याचं नाव सुचवलं. तोंडाला मलम होतं, गोळ्या होत्या. आतला माणूस रोज थोडा थोडा मरत होता, त्याला काय द्यायचं हे आमच्यात कुणाला सुचलं नाही, आणि खरं सांगते, मी विचारायलाही घाबरत होते. एकदा मामा सासूबाईंना एवढंच म्हणाले, मला डोंगराला सोडून या.

जानेवारीत दवाखान्यात तपासणी होती. वजन अकरा किलोनं घटलेलं बघून डॉक्टरांनी आम्हाला खालच्या मजल्यावर एका बाईंकडं पाठवलं. पेशंटशी बोलणं हेच त्यांचं काम. त्यांनी धीर-बीर काही दिला नाही. सरळ विचारलं, "बाबा, तुम्हाला काय झालंय असं तुम्हाला वाटतं?"

 मामा उपरण्यानं हनुवटी पुसून म्हणाले, "लाळ्या."

बाईंना कळेना. मला मात्र लगेच कळलं. लाळ्या म्हणजे मेंढरांचा रोग. तोंडात फोड येतात, लाळ गळते, आणि एकाचा कळपभर होतो.

"तोंड सडलंय, लाळ गळतीया. ताट येगळं केलं. नाव कोन घेत न्हाई," मामा म्हणाले. "मानसाला व्हत न्हाई म्हंत्यात, पर मला झाला. लाळ्याचं मेंढरू येगळं काढायचं आस्तं, बाई. मोठं येकांदं तगतं. कोकरू न्हाई तगत."

मला राहवलं नाही. मी म्हणाले, मामा, कॅन्सर आहे. कुणाला लागत नाही तो. ताट तुम्हाला जपायला आणलं होतं, पोरीला नाही.

मरणाचं त्यांनी काहीच विचारलं नाही. फक्त म्हणाले, "पोरीला न्हाई लागत?"

"नाही."

"मग दोन म्हैनं मी..." एवढंच म्हणाले आणि उपरणं तोंडात कोंबून रडले. सोललेल्या तोंडात. मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं, पण त्यानं काय होणार होतं?

घरी आल्या आल्या त्यांनी पायानं रेघ पुसली आणि आरोहीला हाक मारली. पोर जिथं रेघ होती तिथं येऊन थांबली. "आत आले तर तुम्ही मराल," म्हणाली. मामा हात पसरून बसले होते, ते तसेच. दुसऱ्या दिवशी तेच झालं. त्यांनी तिला परोपरीनं सांगितलं की आबा खोटं बोलला होता, काही होत नाही. तिसऱ्या दिवशी ती डोळे गच्च मिटून आत गेली आणि त्यांच्या मांडीवर बसली. त्या दिवसापासून मामा पेज पिऊ लागले. रात्री झोपू लागले. पण कॅन्सर फार पुढं गेला होता. सतरा दिवसांनी, सकाळी, ते गेले.

दहाव्याला माणसं पांगल्यावर मी बराख झाडत होते. आरोही बाहेर उभी होती, बरोबर रेघेच्या जुन्या जागेवर.

"मी आत गेले म्हणून आबा मेले ना?"

झाडू तिथंच टाकला. मी तिच्यापुढं मातीत बसले आणि तिला ते नाव सांगितलं, जे दवाखान्यातल्या बाकड्यावर मामांना सांगायला हवं होतं. आबांना कॅन्सर झाला होता. तो कुणामुळं होत नाही. तू मांडीवर बसलीस म्हणून त्यांना बरंच वाटलं. दोनदा सांगितलं, तीनदा सांगितलं, आणि विचारलं, कळलं ना बाळा?

ती माझ्याकडं जरा वेळ बघत राहिली. मग "हो" म्हणाली. मामाही असंच म्हणाले होते.