ब्रिटनला पंतप्रधानच नाही!

"अगं वैशाली, ब्रिटनला पंतप्रधानच नाहीये!" समीर त्याच्या क्युबिकलमधून ओरडला.

मी धावले. स्क्रीनवर अख्खं ब्रिटन राखाडी. राखाडी म्हणजे सरकारच नाही. लंचनंतर क्लायंट डेमोला येणार आणि आमचं हे ध्यान!

२००७चा जून. अमेरिकेत हर्नडनमधली आमची छोटी कंपनी शाळांसाठी इतिहासाचं सॉफ्टवेअर बनवायची. समीर डेव्हलपर, मी टेस्टर. म्हणजे दुसऱ्याच्या कामात खोड्या काढायच्या आणि वर पगार घ्यायचा. माझ्या स्वभावाला साजेसं काम, असं नवरा म्हणतो. नकाशावर वर्ष सरकवलं की सत्तेतल्या पक्षाचा रंग दिसायचा. डेमोचा मुख्य भाग होता महायुद्धानंतरचं ब्रिटन: हुजूर पक्ष निळा, मजूर पक्ष लाल. डेमो पडला तर प्रोजेक्ट बंद, आणि प्रोजेक्ट बंद म्हणजे माझं व्हिसा एक्स्टेन्शन गेलं. बॅगा भरा, पुणं गाठा.

झालं असं, की आदल्याच दिवशी तिकडे पंतप्रधान बदलला होता. समीरनं हौसेनं नवं नाव टाकलं, आणि सॉफ्टवेअरनं ते गिळून टाकलं.

मी वर्ष मागे सरकवत गेले. नव्वद ते ब्याण्णव राखाडी. शहात्तर ते एकोणऐंशी राखाडी. सत्तावन्न, त्रेसष्ट, तिथेही भोकं! हुजूर पक्षानं एकदा सलग तेरा वर्षं राज्य केलं, पुढे सलग अठरा. आमच्याकडे त्याची पार चाळण झाली होती.

"नवा व्हॅलिडेशन रूल काय टाकलास?" व्हॅलिडेशन म्हणजे दारावरचा वॉचमन. चुकीची माहिती आत सोडत नाही.

"गॅरीनं सांगितला तोच. निवडणुकीशिवाय नेता आला तर रिजेक्ट."

हात्तिच्या! आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. झोपताना मुख्यमंत्री एक, उठताना दुसरा, आणि पक्ष तोच!

गॅरी आमचा मॅनेजर. ओहायोत वाढलेला, मनानं चांगला, पण एकदा ठरवलं की ठरवलं. आम्ही दोघं त्याच्या केबिनमध्ये घुसलो.

"गॅरी, तिथे लोक खासदार निवडतात. नेता कोण ते पक्ष ठरवतो. मध्येच बदलतोसुद्धा."

"लोकांना न विचारता? कमॉन, डेमोक्रसी आहे ती! डेटा चुकलाय. ती नावं काढून टाका."

"पाच-सहा पंतप्रधान काढून टाकू? क्लायंट इतिहासाच्या टीचर होत्या, गॅरी!"

"रूल इज अ रूल."

माझं डोकंच फिरलं. मी सरळ त्याचा माऊस ओढला, देश बदलून अमेरिका केला आणि चौऱ्याहत्तरवर नेऊन ठेवला. त्या वर्षी इथल्या अध्यक्षांनी राजीनामा दिला आणि उपाध्यक्ष खुर्चीवर आले. ते तर उपाध्यक्षपदालाही निवडणूक लढवून आलेले नव्हते.

अमेरिका राखाडी!

गॅरी उभाच राहिला. "आपण एक प्रेसिडेंट हरवला?"

"दोन. त्रेसष्ट बघ, अध्यक्षांची हत्या झाली ते वर्ष."

"ओ माय गॉड! काढा तो रूल. आत्ताच्या आत्ता!"

मग काय धमाल उडाली! समीरनं रंग नेत्यापासून सोडवला आणि सत्तेतल्या पक्षाला बांधला. मी त्याच्या मागे उभी राहून एकेक बदल तपासत होते. सँडविच तसंच पडून राहिलं.

मिसेस होल्ट, म्हणजे आमच्या क्लायंट, आल्या आणि बसल्या बसल्या थेट नव्वदवर गेल्या. निळ्यावर निळा, मध्ये फक्त पंतप्रधान बाईंचं नाव जाऊन दुसरं आलं.

"तिला हरवलं कोणी, असं मुलं हमखास विचारतील," त्या म्हणाल्या.

"तिच्याच पक्षानं, मॅम," गॅरी गंभीरपणे म्हणाला. "तिथे तशीच पद्धत आहे."

समीरनं टेबलाखालून मला लाथ मारली. मी ओठ चावून हसू दाबलं.

कॉन्ट्रॅक्ट मिळालं. माझे एक्स्टेन्शनचे कागद त्याच आठवड्यात गेले, आणि गॅरीनं स्वतः सही केली. तेव्हापासून नवा रूल आला की तो लिहिणारा कुठे लहानाचा मोठा झाला ते मी आधी विचारते. आणि पहिली टेस्ट त्याच्याच देशावर करते.