सपाट काउंटीतलं वाण

आमची काउंटी कॅनडातल्या एडमंटन शहरापासून गाडीने तीन तासांवर. विस्ताराने आपल्याकडच्या एखाद्या जिल्ह्याएवढी, आणि माणसं पुण्यातल्या एखाद्या मोठ्या सोसायटीत मावतील इतकीच. रस्ते पट्टीने आखल्यासारखे, उभे आणि आडवे. डोंगर नाही, वळण नाही. उन्हाळ्यात गहू, कनोला, पुन्हा गहू; हिवाळ्यात नुसतं पांढरं. पाहुणे येतात, किती मोकळं वाटतं इथे म्हणतात आणि रविवारी परत जातात. त्यांना एक अख्खा जानेवारी इथे ठेवलं पाहिजे.

मी इथली एकुलती एक फार्मसिस्ट. नवऱ्याची नोकरी एडमंटनला, त्यामुळे तो फक्त शनिवार-रविवार येतो, तेही रस्ता चालू असेल तर. दोन वर्षांसाठी म्हणून आले आणि हिवाळ्यांमागून हिवाळे गेले. इथली तरणी पोरं शहरात निघून जातात, मागे म्हातारे उरतात, आणि म्हाताऱ्यांना गोळ्या लागतात. माझ्या आधीचे फार्मसिस्ट काउंटी सोडून गेले तेव्हा दुकान वर्षभर बंद होतं. लोक इन्सुलिनसाठी बर्फातून शेजारच्या काउंटीत जायचे. ही गोष्ट मला सतत कुणी ना कुणी ऐकवायचंच. ऐकवायचे कौतुकाने, पण माझा जीव गुदमरायचा.

त्या जानेवारीत एडमंटनच्या एका हॉस्पिटलने मला नोकरी देऊ केली. सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता. नवऱ्याने तिथल्या त्याच्या फ्लॅटमध्ये देवघर कुठल्या भिंतीला लावायचं तेही ठरवून टाकलं होतं. इथे मी कुणाला काही बोलले नव्हते. आधी होकार कळवायचा, मग इथल्या लोकांना सांगायचं, असा माझा बेत.

संक्रांतीचं हळदीकुंकू मी इथे कधीच केलं नव्हतं. त्या वर्षी मात्र करावंसं वाटलं. आता जायचंच आहे, तर एकदा सगळ्यांना घरी बोलवावं. शनिवारी दुपारी बायकांना आमंत्रण दिलं. रस्ते निसरडे, म्हणून नवरे त्यांना सोडायला आले आणि ट्रकमध्ये इंजिन चालू ठेवून बसले. शेवटी त्यांनाही आत बोलवावं लागलं. बायकांनी हौसेने कुंकू लावून घेतलं, तिळगूळ खाल्ला. मग मी वाण म्हणून प्रत्येकीच्या हातात एकेक स्टीलची वाटी ठेवली.

शेजारच्या फार्मवरच्या म्हातारीने वाटी टेबलावर ठेवली. दर हिवाळ्यात ती मला गरम सूप आणून देते. म्हणाली, "आधीच्या फार्मसिस्टनेही असंच कॉफीला बोलावून घरातले कप वाटले होते. आठवड्याभरात घर रिकामं. तू कधी निघतेस?"

मी घाईघाईने समजावलं, ही आमच्या सणाची पद्धत आहे, बायका वाण लुटतात, दरवर्षी. सांगितलं ते सगळं खरं होतं. पण एकेक करत सगळ्या वाट्या टेबलावर आल्या आणि सगळ्यांचे डोळे माझ्यावर.

"मग जात नाहीयेस ना?" म्हातारीने विचारलं.

मला त्यांचा भयंकर राग आला. तिच्या सुपाचा, त्या वाट्यांचा, माझ्या हौसेचाही. आणि तोंडातून गेलं, "नाही. मी कुठे जातेय?"

वाट्या पुन्हा उचलल्या गेल्या. कुणीतरी हसलं. स्वयंपाकघरात चहा गाळणारा नवरा थांबला होता.

रात्री जेवताना तो म्हणाला की वेळ मारून नेलीस ते ठीक, सोमवारी होकार कळवून टाक, लोक विसरतील. पण ही शहरातली समजूत. इथे माणसंच इतकी कमी आहेत की कुणी कुणाचा शब्द विसरत नाही. मी होकाराची मान डोलावली नाही, ते त्याला पुरलं.

रविवारी त्याने ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने उपसला आणि तो निघाला. शहरात गाडी कोपऱ्यावर वळते आणि दिसेनाशी होते. इथे कोपराच नाही. त्याची गाडी कितीतरी वेळ दिसत राहिली, आणि तेवढा वेळ मला खिडकीतून हलता आलं नाही.