पाय चालू, त दिवा चालू

अंगठ्याला थुंकी लावायची, डायनामोच्या टोपीवरून तो एकदा फिरवायचा, टोपी मागच्या टायरला टेकवायची आणि म्हणायचं, "पाय चालू, त दिवा चालू." एवढं केल्याशिवाय म्हातारा सायकलवर बसायचाच नाही. मी सांगून थकलो, "बाबा, थुंकीनं टोपी घसरते, वीज कमी पडते." तर म्हणायचा, "घसरू दे रे. तिला बी जरा लाड लागतात."

धसईच्या बाजारात माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान कसलं, चार पत्रे आणि एक पंप. माझा स्वभाव तिरसट. गिऱ्हाइकानं तेच दोनदा विचारलं की मी पान्हा आपटतो. तुमच्याही गावात असा एक दुकानदार असेलच. आणि त्या तिरसटाची मात्रा ज्याच्यापुढे चालत नाही, असा एखादा म्हाताराही असेल.

हा म्हातारा वैशाखरे गावाच्या वर डोंगराला लागून असलेल्या वाडीतला. पहिल्यांदा आला तो सायकल ढकलतच. "भाऊ, हिच्यावर घरात दिवा लागंल का?" वाडीचा विजेचा डीपी जळून कित्येक महिने झाले होते आणि कोणी फिरकलं नव्हतं.

"इतके दिवस अंधारात काढले ना? आता कशाला दिवा?" मी खेकसलो.

"लेक यायची हाय. पहिलटकरीण हाय ती."

झालं, मी पान्हा उचलला. जुना डायनामो शोधला, मागच्या चाकाला बसवला, लांब वायर टाकून पुढे बल्ब लावून दिला. सायकल स्टँडवर चढवून त्यानं दुकानातच पाय मारले. बल्ब लागला तेव्हा असा हसला की वरचे दोनच दात राहिलेत हे मला तेव्हा कळलं.

महिन्याभरानं परत आला, तो मात्र हसायला नाही. लेक जावयाबरोबर वीटभट्टीवर होती, पार गुजरातच्या अंगाला. तिचा फोन आला होता, "बाबा, मला न्यायला या, बाळंतपण घरी करायचंय." आणि हा काय बोलला? "इथं कोन हाय तुझं करायला? तुझी आय हाय का? तितंच ऱ्हा." घरात बाईमाणूस नाही, वाडीत रस्ता नाही, भीतीनंच बोलला. लेकीनं फोन ठेवला, तो ठेवलाच.

"दिवा तर लावून घेतलात आणि तिला येऊ नको म्हणालात? धन्य आहे तुमची!" मी म्हटलं.

"घाबरलो रे. हिची आय बाळंतपणातच गेली ना, धाकट्याच्या टायमाला." मग म्हणाला, "आता मना एकच बोलायचं हाय तिला. ये. येवढंच."

लावा की मग फोन, म्हणाल तुम्ही. मीही म्हटलं. पण लेक बोलायची जावयाच्या फोनवरून, आणि जावयाचा नंबर हंगामागणिक बदलायचा. मी लावून बघितला, तो नंबर कधीच बंद झालेला. भट्टी कुठली, गाव कुठलं, म्हाताऱ्याला काही सांगता येईना. म्हणजे लेकीनं फोन केला तरच बोलणं. आणि याच्या फोनची बॅटरी फुगलेली, बाजारात चार्ज करून घेतला तरी अर्ध्या तासात मान टाकणारी.

"फोन बंद नाय पडला पायजे, भाऊ. कायतरी कर."

डायनामोची वीज उलटसुलट येते. ती सरळ करायला मी चार डायोड जोडले, पुढे गाडीत लावायच्या चार्जरच्या पोटातलं सर्किट काढून बसवलं. बल्ब आणि फोन एकदम चालेनात, म्हणून एक बटण दिलं. इकडे दाबलं की दिवा, तिकडे दाबलं की फोन. पुढे कधीतरी विचारलं तर म्हणाला, "बटन फोनच्याच अंगाला हाय. दिव्याचं काय, मना घर पाठ हाय."

त्यांच्या वाडीत रेंज नाही. खाली रस्त्याच्या वळणावर एक आंबा आहे, तिथे येते. वाडीतली माणसं आपापले फोन कॅरीबॅगमध्ये घालून त्या आंब्याला टांगतात आणि कामाला जातात. ज्याचा वाजेल त्याच्या नावानं जवळचा माणूस हाळी देतो. म्हाताऱ्यानं सायकलच आंब्याखाली नेली. सकाळी स्टँडवर चढवायचा, फोन वायरीला लावायचा आणि बसायचा पाय मारत. दमला की उतरून टेकायचा, पुन्हा बसायचा. दुसऱ्यांचे फोन वाजले की हाळ्या देण्याचं कामही आयतंच त्याच्यावर आलं.

चैत्रात मी त्या बाजूला गेलो होतो, म्हटलं बघून यावं. लांबूनच दिसला. पिंढऱ्या काठीसारख्या झालेल्या, शर्ट पाठीला चिकटलेला, आणि सायकल तिथल्या तिथे.

"आला का फोन?"

"नाय रे. नववा लागला आसंल तिला. रागावलीय." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "आसं आसतं का रे, बापावर येवढा राग?"

त्याला धीर यावा म्हणून मी माझ्या फोनवरून त्याचा नंबर लावला. म्हटलं, एकदा वाजवून दाखवू. त्याच्या फोनवर रेंजच्या दांड्या दिसत होत्या, उजेड होता. वाजला मात्र नाही. माझ्या कानात एक बाई गोड आवाजात सांगत होती की या नंबरवर फोन येणं बंद आहे.

मी विचारलं, "बाबा, रिचार्ज कोण मारायचं?"

"त्ये काय? जावय कायतरी करायचा तिकडनं."

जावयानं कधीचा थांबवला होता. आणि मी शहाणा! सर्किट जोडलं, बटण दिलं, पण हे विचारायचं सुचलं नाही. दोन महिने म्हातारा मेलेल्या नंबरासाठी पाय मारत होता. त्याला काही न बोलता मी तिथेच रिचार्ज मारला, पुन्हा लावला. वाजला. म्हातारा सायकलवरून पडता पडता वाचला. "मीच आहे, बाबा," म्हटलं, तर डोळे पुसत हसला.

मला निघवेना. दुपारी फोन पुन्हा वाजला. जावई होता.

म्हातारा धापा टाकत पाय मारतच बोलू लागला. थांबला तर फोन बंद पडेल ही भीती. डायनामोच्या घरघरीत त्याला ऐकू येईना. मी त्याला खाली ओढला आणि स्वतः बसलो. वायर जेमतेम पुरत होती, तो चाकाजवळ उकिडवा बसून बोलला.

"पावनं? बोला की... कवा गेली? सोमवारी?... बाळंतपणातच?... आन पोर?... पोरगी. बरी हाय ना?" त्यानं फोन दुसऱ्या कानाला धरला. मग, "तिनं लावलेला? किती येळा?... रोज?"

मी खाली मान घालून पाय मारत होतो.

"पावनं, माझा फोन चालू व्हता वो. एक दीस पाय बंद केला नाय मी."

फोन संपला तरी मी पाय मारतच राहिलो. त्यानंच माझ्या गुडघ्यावर हात ठेवून थांबवलं. विचारलं, "भाऊ, खरं सांग. तुझ्या मशिनीत खोट व्हती का?"

काय सांगू? रिचार्जचं सांगितलं तर तो स्वतःलाच खाईल, असं वाटलं. म्हटलं, "हो बाबा. माझ्याच कामात खोट होती."

तर तो माझीच समजूत घालायला लागला. "आसू दे. तू काय मुद्दाम केलंस का?"

दुसऱ्या दिवशी तो नातीला आणायला निघाला. आता जावयाचा पत्ता होता, नंबर होता. मुरबाडची गाडी पकडायच्या आधी माझ्या दुकानात आला, सायकल लावली. "ही नीट करून ठेव. पोरीला घेऊन आलो की दिवा लागंल. पोचलो की फोन करतो."

मी म्हणालो नाही की बाबा, मशीन ठणठणीत आहे, सोबत न्या. कसं म्हणणार? आदल्या दिवशीच तर खोट कबूल केली होती.

त्याला आता पावसाळा उलटून गेला. भट्ट्या पावसाआधीच उठतात, तो पत्ता कामाचा राहिला नाही; जावयाचा नवा नंबरही लागत नाही. म्हाताऱ्याच्या नंबरावर मी दर महिन्याला रिचार्ज मारतो. तो नंबर आता जिवंत आहे. पण लावला की बाई सांगते, फोन बंद आहे. बंदच असणार. तो चालू ठेवायचं यंत्र माझ्या दुकानात आहे.

सकाळी पत्रा उघडला की मी सायकल स्टँडवर चढवतो, अंगठ्याला थुंकी लावून टोपीवरून फिरवतो आणि थोडा वेळ पाय मारतो. बल्ब लागतो. मग त्याचा नंबर लावतो.