खालच्या मजल्यावरचे गृहस्थ

कात्रजच्या माझ्या फ्लॅटखाली एक गृहस्थ राहतात. ते जितके चिडतात तितके आदराने बोलतात. मी तिथे राहत होतो तेव्हा त्यांचा फोन यायचा, "आपल्याकडे खुर्ची उचलून ठेवायची पद्धत नाही का?" आणि उत्तराची वाट न बघता बंद व्हायचा.

पुढे तो फ्लॅट मी एका जोडप्याला भाड्याने दिला. त्यांच्या वासराएवढ्या कुत्र्याने माझा हात चाटला आणि मी विरघळून, सोसायटीला न विचारताच, "चालेल की" म्हणून बसलो. त्यांचं सामान जेमतेम लागलं आणि मीटिंगमध्ये कुत्र्याचा विषय निघाला. आता त्यांना कोणत्या तोंडाने जा म्हणणार?

चेअरमन या गृहस्थांना म्हणाले, "कुत्रा तुमच्या डोक्यावर राहतो. तुम्ही म्हणाल तसं करू."

गृहस्थ चष्मा पुसत माझ्याकडे वळले. "आपण तबला शिकत होता ना?"

'आपण' ऐकूनच मी ओळखलं, गृहस्थ चिडलेत. "हो."

"मग कुत्रा राहू द्या," ते चेअरमनना म्हणाले. "तो गेला आणि हे परत राहायला आले तर?"

सगळ्यांनी लगेच माना डोलावल्या. अपमान झाल्यावर इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.