नमुन्यातून वगळलेलं रक्त

छाटणीनंतरचा एकशे पाचवा दिवस. द्राक्षपट्ट्यात आम्ही तारीख अशीच मोजतो. फवारणीची हजेरी दिवसाला सातशे रुपये. जागा, कवठे महांकाळ तालुक्यातल्या एका बागेची पत्र्याची शेड. हजर : मालक अण्णा, त्यांचा पुतण्या, रक्त घ्यायला आलेल्या डॉक्टर मॅडम, मी, माझी बायको आणि फवारणीचे आणखी चार गडी.

फवारणी करणाऱ्यांच्या अंगात औषध किती उतरतं, हे मॅडमना बघायचं होतं. पद्धत त्यांनी नीट सांगितली. एकदा रक्त आता, हंगाम चालू असताना. दुसऱ्यांदा, अंगाला औषध न लागता बरेच दिवस गेले की. रक्तातला एक घटक औषधाने घसरतो, विश्रांतीने भरून येतो. दोन आकड्यांतला फरक हेच उत्तर. पहिला आकडा नसेल तर दुसऱ्याला काही अर्थ नाही. मला हे लगेच पटलं.

माझी पाळी आली. बाही वर केली, हात टेबलावर ठेवला. हात थरथरत होता.

अण्णा खुर्चीतून म्हणाले, "त्याचं घिऊन काय करताय मॅडम? त्याच्यात रगत कमी अन् देशी जास्त हाय."

पुतण्या हसला. गडी हसले. त्यांना हसावंच लागतं.

मॅडमनी मला विचारलं, "रोज घेता?"

"न्हाई. कवाच न्हाई."

"आता व्हय कोण म्हणतंय?" अण्णा म्हणाले. "हात बघा की त्याचा. सकाळचीच हाय."

मी उभ्या आयुष्यात दारूला शिवलेलो नाही. मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि सुई ठेवून दिली. दारूने आकडा बिघडतो, म्हणाल्या. एक माणूस कमी पडला. अण्णांनी पुतण्याला बसवलं. "ह्यो बी मारतो की औषिद." त्या पुतण्याने फवारणीची गन कधी हातात धरलेली नव्हती.

मी बाही खाली केली. आणि सगळ्यांबरोबर हसलो. बायको हसली नाही.

अण्णांच्या बागा दोन. चार एकर परदेशात जाणारी, दोन एकर इथल्या बाजाराची, तिला आम्ही लोकल म्हणतो. पहिलीत औषध छापील यादीप्रमाणे. दुसरीत काहीही. पिठ्या ढेकूण या किडीसाठी तिथे जे मारायचो, त्याच्या नुसत्या वासाने डोळ्यांतून पाणी यायचं, छाती आवळायची. पांढरा ड्रेस, मास्क, हातमोजे स्टोअरमध्ये खुंटीला होते. तपासणीवाले आले की आम्ही ते घालायचो. फोटो झाला की काढायचो. आमचा उपाय वेगळा होता. गन धरण्याआधी हातातोंडाला शेंगदाण्याचं तेल चोपडायचं. तेलावर औषध ठरत नाही, अशी सगळ्या टोळीची समजूत. नव्या गड्याला मीच लावायला शिकवायचो.

तीन दिवसांनी घडांचे नमुने न्यायला लॅबचा माणूस आला. हातात नवे मोजे. एक ओळ झाली की ते टाकायचे, दुसरे घालायचे. घड पिशवीत, पिशवीला सील, सीलवर सही, मग बर्फाच्या डब्यात. डबा धरायला अण्णांनी मला बोलावलं. एक घड त्याच्या हातून निसटला. मी झेलायला हात पुढे केला.

"घडाला हात लावू नगंस." अण्णा ओरडले. "काल लोकलमधी मारलंस न्हवं? तुज्या हाताचं औषिद घडाला लागलं तर अख्खा कंटेनर माघारी यील. ते धुऊनबी जात न्हाई."

घड मातीत पडला.

म्हणजे माहीत होतं. माझ्या हातावर काय आहे, ते धुऊन जात नाही, ते मोजणाऱ्या यंत्राला सापडतं. सगळं माहीत होतं. घडासाठी ते औषध होतं. माझ्यासाठी ती देशी होती.

मी विचारलं, "अण्णा, मग मॅडमला दारू का सांगितलीसा?"

"आरं गड्या, तुजं रगत खराब निघालं तर बागंचं नाव जातंय. घडाचा रिपोर्ट चांगला आला म्हंजी झालं. तू काय परदेशात जानार हाईस व्हय?"

लॅबचा माणूस हसला. या वेळी मी हसलो नाही. डबा खाली ठेवला. बायको पलीकडच्या ओळीत होती. तिला म्हटलं, चल.

"आवं, हजेरी?"

"ऱ्हाऊ दे."

मॅडम शेजारच्या गावात, आरोग्य उपकेंद्रात होत्या. मी उभ्यानेच म्हणालो, "माझं रगत घ्या. आन् दारू लिवलीया ती खोडा."

"यादी बागायतदार देतात हो," त्या म्हणाल्या.

"औषिद बागायतदार मारत न्हाईत."

त्यांनी कागद पुढे ओढला. दारू खोडली, शेजारी सही केली. मग पुतण्याचं नाव खोडलं. रक्त घेताना एकेक विचारत गेल्या. गन कोणत्या हातात धरता, जेवता कुठे, कपडे कोण धुतं. तेलाचं सांगितल्यावर त्यांचा हात थांबला. तेलकट कातडीत औषध जास्त मुरतं, त्या म्हणाल्या. आणि कपडे बायको धुते, हे ऐकून तिचंही रक्त घेतलं.

माझा आकडा लॅबच्या किमान मर्यादेच्या खूप खाली निघाला. बायकोचाही खाली. तिने गनला हात लावलेला नाही.

त्यानंतर आम्ही दोघं पावसाळ्यापर्यंत कुठल्याच बागेत गेलो नाही. दुसऱ्या रक्तात दोघांचेही आकडे चढले. विश्रांतीने चढले, म्हणजे औषधाने घसरले होते. एवढं सिद्ध झालं. हाताची थरथर मात्र गेली नाही. ती औषधाचीच आहे असं मी छातीठोक सांगणार नाही. मॅडमनाही सांगता आलं नाही. इतकी वर्षं फवारलं, तेव्हा कुणी मोजलंच नव्हतं.

अण्णांचा कंटेनर पास झाला. त्यांच्या बागेत आता सीमेपलीकडच्या राज्यातली पोरं फवारतात. "त्येला घिऊ नगा, त्यो रगत मागतोय," असं त्यांनी गावभर सांगितलं. गावातलं आमचं काम बंद झालं.

ते चार गडी एकेक करून माझ्याकडे आले. टोळीची अट मी ठरवली. छाटणीआधी सगळ्यांचं रक्त. हंगामात पुन्हा. आकडा घसरला की त्या माणसाने गन धरायची नाही, हजेरी मात्र चालू. खर्च बागेचा. तेल बंद. आठ बागायतदारांनी दारातूनच परत पाठवलं. गडी कुरकुरले, अट जरा सैल कर म्हणाले. मी नाही म्हणालो. काम नाही मिळालं तर खडी फोडेन. पण न मोजलेलं अंग घेऊन बागेत शिरणार नाही आणि कुणाला शिरू देणार नाही.

नवव्याने विचारलं, "घडापरास तुमचंच लय झालं की?"

"व्हय," मी म्हणालो.

त्याने सहा जणांच्या तपासणीचे पैसे सांगलीच्या लॅबला भरले. मजुरीतून एक रुपया मी कापू दिला नाही. फवारणारे आम्ही पाच. सहावं नाव बायकोचं, कपडे धुणारी म्हणून.