ओढ्यातून दिलेली वाट

कुपवाडहून निघताना मी तीनदा पिशवी तपासली. गोळ्या, गुडघ्याचा पट्टा, आधारकार्ड. पंच्याहत्तरी ओलांडल्यामुळे एसटीला तिकीट लागत नाही, पण कार्ड हरवलं तर कंडक्टर खाली उतरवेल या धास्तीने सांगलीपासून कराडपर्यंत ते मुठीतच धरून बसलो.

निघायचं कारण वहिनींचा फोन. थोरले भाऊ गेल्यापासून त्या पाटणच्या वर, डोंगरातल्या घरी एकट्याच असतात. "भावजी, तुमी फोनवरनं वाट दिली. आता येऊन बघा," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

त्याचं असं झालं. डोंगरातल्या माझ्या वाट्याची झाडं मी एका व्यापाऱ्याला उभी विकली. लाकूड खाली कुठून आणू, असं त्याने फोनवर विचारलं. "ओढ्यातनं घ्या," मी म्हणालो. आमच्याकडे रीतच तशी. वडिलांनी घराचं आढं बैल लावून ओढ्यातूनच आणलं होतं. ते एक आढं होतं, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही.

तिकडे जाणार असाल तर कराडला दहाच्या आत पोचा. पाटणची गाडी मिळते. पुढे वडाप, म्हणजे भरल्याशिवाय न हलणारी जीप. कराड स्टँडसमोर मिसळीचा वास छान सुटला होता, पण खाल्ली नाही. चढावर पोट बिघडलं तर कुणाला सांगायचं?

"आजोबा, दार सोडा की," वडापवाला म्हणाला. "त्येच तुमच्या आधारानं हाय."

सगळे हसले. मी दार सोडलं नाही.

वहिनींनी नाचणीची भाकरी आणि पिठलं वाढलं. परतीच्या पावसात त्यांच्याकडे खेकड्यांचा रस्सा ठरलेला.

"वहिनी, खेकडं?"

"ओढ्यालाच इचारा."

घरामागे दोन ओढे मिळतात. डावा शेजाऱ्याच्या उभ्या रानातून येतो, उजवा माझ्या अर्ध्या तोडलेल्या उतारावरून. आदल्या दिवशी पाऊस झाला होता. डाव्याचा तळ दिसत होता, उजवा चहासारखा लाल. ट्रॅक्टरने ओंडके फरपटत नेले होते, दोन्ही काठ ढासळले होते. वर सावली नाही, मातीला धरणारं मूळ नाही.

डावीकडचा एक दगड उचलला. खाली दोन खेकडे, पाण्यातले किडे, बारीक मासळी पळाली. उजवीकडचा दगड हललाच नाही, गाळात रुतला होता. काठीने उचकटला तर खाली पोकळीच नव्हती. मासे अंडी घालतात ती खडीही पिठासारख्या मातीने लिंपली होती. याच ओढ्याकाठच्या झऱ्याचं पाणी वहिनी चौपदरी फडक्याने गाळत होत्या, तरी गढूळच. पिण्याचं पाणी आता त्या डाव्या ओढ्याच्या वरच्या अंगाहून डोक्यावर आणतात. वय एकाहत्तर. मला तोंड वर करवेना. उजव्या ओढ्याचं पाणी एका बाटलीत भरून घेतलं.

तेवढ्यात व्यापारी आला.

"आबा, ऱ्हायलेली झाडं सोमवारी काढतो."

"झाडं तुझी. पण ओढ्यातनं न्हाई."

"मग काय उडवत न्यू? शब्द फिरवताय, आबा!"

"झाडांचा न्हाई फिरवला. वाटंचा फिरवला."

"तवा न बघता दिली हुती," वहिनी मागून म्हणाल्या. "आता बघून काढून घेतली. चा घेणार का?"

चहा न घेता तो म्हणाला, "दुसरी वाट गावंलच कुठं? परत तुमच्याकडंच येतो."

परतीच्या प्रवासात तेवढंच कानात राहिलं. मी शब्द मोडला का? वहिनींना तो त्रास देईल का? कराडला गाडी बदलताना पट्टा बाकावरच विसरलो.

घरी बाटली खिडकीत ठेवली. उठलो की आधी तिच्याकडे बघतो. "देवाकडं एवढं बघितलं असतं तर पावला असता," बायको म्हणते. चार दिवसांनी तळाशी बोटभर गाळ बसला, वरचं पाणी जेमतेम निवळलं.

आणि काल फोन आला. "आबा, दुसरी वाट न्हाई गावली. एकच दिवस द्या. नुस्ता एक दिवस."

एक दिवस. मी 'हो' म्हणायच्या बेतात होतो. भांडण मला सोसत नाही. हाताला काहीतरी हवं म्हणून बाटली उचलली, तर खाली बसलेलं सगळं क्षणात वर आलं.

"न्हाई," मी म्हणालो.

आवाज कापत होता. पण म्हणालो.