मास्तरांचं दोन बोटं कापड

मास्तरांनी माझं माप कधी टेपने घेतलं नाही. दारात उभ्या बाईकडे एकदा बघायचे आणि कात्री उचलायचे. इथे दुबईशेजारी, रोल्लाच्या त्या गल्लीत त्यांनी वीस वर्षं पोलकी शिवली, एकही परत आलं नाही. शिवणीत दोन बोटं कापड जास्त ठेवायचे. कापड वाया कशाला घालवता, म्हणून मी एकदा हटकलं.

"काकू, माणूस आहे तेवढाच राहतो का? जागा ठेवावी लागते."

आमच्या समोरच्या खोलीत ते आणि नाईक राहायचे. दोघेही चिपळूणकडचे. नाईक दुबईत एका कंपनीच्या ऑफिसात. बिल्डिंगमधले लोक त्यांना रूममेट म्हणायचे. मी चौथी शिकलेली, पण मला डोळे आहेत. नाईक रस्त्यात ट्रॅफिकमध्ये अडकला की मास्तर ताट झाकून बसायचे. माझा नवरा चाळीस वर्षांत माझ्यासाठी एकदाही जेवायचा थांबला नाही. तेव्हा नवराबायको कशाला म्हणतात, हे मला कोणी शिकवू नये.

मग मालकाने दुकान बंद केलं. मास्तरांचा व्हिसा गेला, त्याबरोबर इन्शुरन्सचं कार्ड गेलं. त्याच महिन्यात छातीत दुखू लागलं. ऑपरेशन लवकर करा, असं डॉक्टरने सांगितलं. नाईककडे कंपनीचं चांगलं कार्ड होतं, त्यावर बायकोचा सगळा इलाज व्हायचा. माझी सून लग्न होऊन इथे आली, तेव्हा लग्नाच्या दाखल्यावर शिक्के मारून दिले, खलास, पंधरा दिवसांत कार्ड हातात. तिला साधी सर्दीही नव्हती. या दोघांना तो दाखला इथे मिळत नाही, आणि आपल्या भारतातही मिळत नाही. इथे तर नातं तोंडाने सांगायचीही चोरी. नोकरी जाईल, वर तुरुंग.

त्यात मी शहाणपणा केला. आमच्या कोकणात वाडीतला प्रत्येक जण भाऊच. मी नाईकला म्हटलं, कार्डाच्या फॉर्मात भाऊ म्हणून मास्तरांचं नाव घाल, कोण विचारतंय? त्याने घातलं. ऑफिसातल्या माणसाने दोघांचे पासपोर्ट शेजारी ठेवले. बापांची नावं वेगळी, आडनावं वेगळी. नाईक मावसभाऊ म्हणाला. तो माणूस हसला.

"भाई का कार्ड नहीं बनता. शादी कर लो, बीवी ले आओ, पंद्रह दिन में कार्ड."

नाईकने हे घरी येऊन सांगितलं तेव्हा मास्तर काज करत होते. मान वर न करता म्हणाले, "बघ, पंधरा दिवसांत. बायको आण. मी तिचं पोलकं शिवीन." नाईक मोरीत जाऊन नळ सोडून उभा राहिला. मला इतका राग आला की मी चहा न घेता उठले.

मास्तर गावी गेले. जायच्या आधी मला तीन पोलकी शिवून दिली. तिकडे सरकारी दवाखान्यात ऑपरेशनची तारीख मिळाली, पण तारखेच्या आधीच गेले. नाईकने रजा मागितली. कोण वारलं, म्हणून विचारलं. आईबाप, बायको, मूल, सख्खे भाऊबहीण, एवढ्यांचीच रजा मिळते. तो त्या दिवशी कामावर गेला. खालची एक बाई त्याला सांगायला आली, रूममेट गेला तर दुसरा बघा, भाडं एकट्याला जड जाईल. तिला मीच दारातून परत पाठवली.

गेल्या आठवड्यात माझं पोलकं दंडात घट्ट झालं. मी शिवण उसवली. दोन बोटं कापड आत होतं. सगळ्या रोल्लाच्या बायकांसाठी ज्याने जागा ठेवली, त्याच्यासाठी एका फॉर्मात एक ओळ निघाली नाही.

नाईक म्हणाला, "द्या काकू, मी घालतो टाके. मला शिकवलंय त्यांनी." सुईत दोरा त्याला ओवता येईना. मी ओवून दिला. शिवण वाकडी आली. मी ते पोलकं तसंच घालते. बिल्डिंगमधली एखादी हसली तर तिला विचारते, तुझ्या नवऱ्याने कधी हातात सुई धरली आहे का?